सही करता येते तोवर

मगरिबनंतर शेजारीण आली तेव्हा तिच्या हातात कापड दुकानाची जुनी पिशवी होती. ती आत आली नाही. उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "आपा, हे एकदा बघता का? मला काही सुधरत नाही."

पिशवीत दवाखान्याची फाईल होती. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता, तीन ठिकाणी घडी फाटलेला. रेशन कार्ड, मुलांची आधार कार्डं, वीजबिल होतं. सगळ्यांच्या तळाशी एक छापील अर्ज चार घड्या करून ठेवलेला होता. अर्ज कोरा.

"कधी आणलास हा?"

"तीन महिने झाले."

तिचा नवरा रिक्षा चालवायचा. तीन वर्षांपूर्वी गेला. थोरला मुलगा आता आठवीत आहे, मुलगी तिसरीत. ती घरी शिवणकाम करून भागवत होती. गेल्या बकरी ईदनंतर छातीत गाठ लागली. ऑपरेशन झालं आणि आता दर एकवीस दिवसांनी इंजेक्शनं चालू आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून दवाखान्याचं बिल भागलं, शुक्र आहे. पण ती योजना रिक्षाचं भाडं देत नाही, दूध देत नाही, आणि शिवणयंत्र बंद पडलं त्याचे पैसे तर कोणीच देत नाही. मोहल्ल्याच्या जमातीने जकातीतून ऑपरेशनच्या वेळी मदत केली. ती एकदाच होते, आणि किराणा दर महिन्याला लागतो.

तो अर्ज बालसंगोपन योजनेचा होता. आम्ही विचारलं, मग भरला का नाहीस? बराच वेळ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"त्यात लिहून द्यावं लागतं म्हणे, की मी मुलांना सांभाळू शकत नाही. एकदा लिहून दिलं की ते येऊन मुलांना आश्रमात घेऊन जातील. पलीकडच्या आळीतली सांगत होती."

मग हळूच म्हणाली, "आणि लोक म्हणतील, आता हिची वेळ आली, म्हणून कागद करतेय."

त्या रात्री आमच्याजवळ उत्तर नव्हतं. पिशवी ठेवून जा एवढंच म्हटलं.

खरं सांगायचं तर लाज आम्हालाच वाटली. या योजनेसाठी आजार होण्याची वाटच बघायला नको होती. आई किंवा बाप यांच्यापैकी एकच हयात असेल, घर पुरत नसेल, तर अठरा वर्षांच्या आतल्या मुलासाठी अर्ज करता येतो. म्हणजे नवरा गेला तेव्हाच तिच्या दोन्ही मुलांचा हक्क तयार झाला होता. भिंतीला भिंत लागून राहणारे आम्ही, रोज पेपर वाचणारे, तीस वर्षं शाळेत नोकरी केलेले. इद्दतीत तिला डबे पाठवले, पण हा एक कागद सांगायचं सुचलं नाही.

योजना आधी समजून घेऊ. तिचं आजचं पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. राज्याच्या महिला व बालविकास विभागाची आहे. पूर्वी महिन्याला 425 रुपये मिळायचे, मग 1100 झाले आणि 2023 पासून 2250 झाले, एका मुलाला. अनाथ मुलं, एकच पालक असलेली मुलं, घटस्फोटामुळे किंवा सोडून दिल्यामुळे घर मोडलेली मुलं, आणि आई किंवा बाप गंभीर आजारी आहेत किंवा दवाखान्यात पडून आहेत अशी मुलं तिच्यात बसतात. दुसरी केंद्राची, मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्वाची मदत. तिच्यात महिन्याला 4000 रुपये आहेत, पण उत्पन्नाची मर्यादा कडक आहे. खेड्यात वर्षाला 72,000, इतर ठिकाणी 96,000. जीवघेण्या आजाराने ग्रासलेल्या पालकांची मुलं तिथंही पात्र आहेत. आपण कुठे बसतो ते जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावं. आमचे कागद बघून तिथल्या मॅडमनी बालसंगोपनचाच अर्ज भरायला सांगितला. कुठे जायचं तेच कळत नसेल तर 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. चोवीस तास लागतो, पैसे पडत नाहीत.

अर्जालाही पैसे पडत नाहीत. आमच्याकडे एकाने "पाचशे द्या, मी करून देतो" म्हटलं होतं.

आता तिच्या भीतीचं. ही भीती आम्हाला आधी खुळी वाटली होती, पण ती आकाशातून पडलेली नाही. या मदतीचा आदेश देते ती बालकल्याण समिती. बाल न्याय कायद्याखाली नेमलेली, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत निदान एक बाई असलीच पाहिजे. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. हरवलेली, टाकून दिलेली, मारहाण झालेली मुलं हीच समिती बालगृहात पाठवते. लोकांनी तेवढंच बघितलेलं असतं. पण त्याच 2015 च्या कायद्यात साफ म्हटलेलं आहे की मुलाला संस्थेत ठेवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. आणि बालसंगोपनचे पैसे कशासाठी आहेत? मूल घरीच, आपल्या माणसांत राहावं म्हणून. हे आम्ही तिला दोनदा समजावलं. तिने मान हलवली. पटलेलं नव्हतं.

तरी कागदांना लागलो. इथे आम्हाला जे भोगावं लागलं ते जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या घरांत ते हमखास होतं.

लागणारे कागद तसे साधेच होते. मुलांचं आणि आईचं आधार, जन्माचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आजाराचा वैद्यकीय दाखला, बँकेचं पासबुक, फोटो. वैद्यकीय दाखला आमच्याकडून सरकारी रुग्णालयाचा मागितला, खासगीचा चालला नाही. हे सगळं जमिनीवर पसरून आम्ही नावं जुळवायला बसलो आणि डोक्याला हात लावला. आधारवर तिचं माहेरचं आडनाव. रेशन कार्डावर नवऱ्याचं. बँकेत नावाच्या शेवटी "बी", दवाखान्याच्या फाईलवर "बानो". एका जागी आडनाव आधी, दुसऱ्या जागी शेवटी. चार कागद आणि चार बायका.

मुलाचं त्याहून वाईट. आधारवर पूर्ण "मोहम्मद", शाळेच्या रजिस्टरला नुसतं "मो." आणि पुढे नाव. ते रजिस्टर आम्ही ओळखलं. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी रांग लांब होती, शाई संपत आली होती, आणि ते "मो." आमच्याच अक्षरात आहे. किती मुलांचं असं केलं असेल? त्या वेळी वाटायचं, काय फरक पडतो.

फरक पडला तो असा. आईच्या नावासाठी "ही चारही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. मुलाच्या नावासाठी मुख्याध्यापकांचं पत्र आणलं, तेही दुसऱ्या खेपेला. बँकेचं नाव आणि आधारचं नाव मात्र प्रतिज्ञापत्राने भागत नाही, ते एकसारखंच करून घ्यावं लागतं, कारण पैसे आधारला जोडलेल्या खात्यावर येतात. या महिन्यात घरात काही कामाचं नसेल तर एक दुपार काढा, घरातल्या प्रत्येकाचे सगळे कागद शेजारी शेजारी ठेवा आणि नावं वाचा. आजार आल्यावर हे करायला बसू नये.

आजारी माणसाच्या वेळेचंही गणित वेगळं असतं. इंजेक्शनानंतरचा पहिला आठवडा ती उठू शकत नव्हती. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केलेली, अंगातली ताकद तेव्हा सगळ्यात कमी असते, कुणाचा खोकलाही बाधतो. राहिला तिसरा आठवडा. म्हणून आम्ही कॅलेंडरवर तिच्या इंजेक्शनांच्या तारखा मांडल्या आणि जिथे तिलाच हजर राहावं लागेल तेवढीच कामं तिसऱ्या आठवड्यात टाकली. बाकी सेतू केंद्र, तलाठी, शाळा, झेरॉक्स हे सगळं दुसऱ्याने करता येतं. तिच्या भाचीने केलं, आम्ही केलं. दोन खेपा समोरच्या घरातल्या कॉलेजच्या मुलाने स्कूटरवरून मारल्या. मोहल्ल्यात मय्यतीला खांदा द्यायला पन्नास माणसं निघतात. तहसीलच्या रांगेत उभं राहायला एक निघाला, पण तो निघाला हेही काही कमी नाही. जमातीच्या बैठकीत हा विषय घ्या असं आम्ही सुचवलं आहे. पैसे नकोत, सेतू केंद्राची माहिती असलेली दोन पोरं हवीत.

बँकेत मात्र तिलाच जावं लागलं. मुलांची खाती उघडायची होती, पालक म्हणून तिची सही. ती सातवीपर्यंत शिकलेली, सही नेटकी करायची. पण त्या औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात, पेन धरलेलंच कळत नाही. पहिली सही केली, ती जुन्या नमुन्याशी जुळेना. दुसरी केली, तिसरी केली. खिडकीमागचा माणूस वाईट नव्हता, पण मागे रांग होती. "अंगठा द्या की," तो म्हणाला. तिने आमच्याकडे बघितलं. ज्या बाईला तिच्या अब्बांनी मार खाऊनही शाळेत धाडलं, तिने निळ्या शाईत अंगठा बुडवला. बाहेर आल्यावर ती बराच वेळ ओढणीला अंगठा पुसत होती.

तेव्हा आम्हाला कळलं की तीन महिने कोरा ठेवलेल्या त्या अर्जाची खरी किंमत काय होती. तीन महिन्यांपूर्वी तिची सही तिच्या हातात होती.

त्याच रात्री आम्ही तिच्याकडून बाकीचे सगळे अर्ज, स्वयंघोषणापत्रं, संमतीपत्रं एका बैठकीत भरून घेतली, तिच्या आताच्या वाकड्या सहीने, तारखा घालून. संजय गांधी निराधार योजनेचाही अर्ज त्यातच घेतला. कॅन्सरसारख्या दुर्धर आजाराला ती लागू होते, तहसीलदारांकडे द्यायचा असतो. त्याची हकीकत वेगळी आहे, पुन्हा कधीतरी.

एक फोटो हवा होता, घरासमोर आई आणि मुलं एकत्र. का, तर मुलं याच घरात याच माणसांजवळ राहतात याचा तो पुरावा. तिचे केस गेलेले. ती तयार होईना. म्हणाली, फक्त मुलांचा काढा. मुलीने तिची ईदची हिरवी ओढणी आणली आणि स्वतःच तिच्या डोक्याला नीट बांधली, कानामागे पिन लावून. फोटोत मुलगा गंभीर उभा आहे, जणू शाळेतल्या झेंड्यासमोर. मुलगी हसते आहे. तिच्या चेहऱ्याबद्दल आम्ही काही लिहीत नाही.

खरा पेच पुढे होता. तालुक्याहून अर्ज जिल्ह्याला गेला, मग एक ताई घर बघायला आल्या. सामाजिक तपासणी म्हणतात त्याला. चूल, संडास, झोपायची जागा, मुलांची दप्तरं सगळं त्यांनी बघितलं. चहा घेतला नाही, पाणी घेतलं. जाताना विचारलं, "तुम्हाला दवाखान्यात राहावं लागलं तर मुलांचा सांभाळ कोण करणार? एक नाव ठरवून ठेवा, समितीपुढे विचारतील."

ते नाव ती आधीच ठरवून बसली होती, मुलांची खाला. तिची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते, घरात अडचण नाही, मुलांचा तिच्यावर जीव आहे. पण घरात सासू होती. मुलाच्या मुलांवर ददिहालचा हक्क, हे आपल्याकडे कुणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येक घराला माहीत असतं. तिने आम्हाला सांगितलं, "आपा, तुम्हीच भाबींना सांगा. मी सांगितलं तर वाटेल, मी जाताना मुलंही घेऊन चाललेय."

आम्ही चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी भाबीच आल्या. पातळ भिंतीतून सगळं ऐकू जातं हे आम्ही विसरलो होतो.

"माझे गुडघे गेले," त्या म्हणाल्या. "शाळेच्या मीटिंगला मी काय जाणार? खालाचंच नाव घाला. पण तुम्ही मला विचारायचं तरी. मुलगा माझा गेला, सून माझी आजारी, आणि कागद तुम्ही दोघी मिळून करता."

आम्ही माफी मागितली. आतल्या खोलीतून सून बाहेर आली आणि भाबींच्या पायाशी बसली. पुढचं बोलणं त्या दोघींचं होतं, आम्ही घरी आलो. संमतीच्या कागदावर साक्षीदार म्हणून भाबींचा अंगठा आहे. बोटाला शाई लावताना त्यांनी सुनेला म्हटलं, "बघ, आता आपण दोघी सारख्याच."

समितीपुढे जायचा दिवस नेमका तिसऱ्या आठवड्यात आला. आमच्या गावाहून जिल्ह्याचं ठिकाण एसटीने अडीच तास. बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, ते बरं. मास्क लावून, खिडकीजवळ बसवून, लिंबू आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या बरोबर घेऊन निघालो. दोन्ही मुलांनी गणवेश घातला होता. आईनेच सांगितलं होतं, म्हणजे त्यांना दिसेल की शाळेत जातात. वाटेत ती मुलीला सारखी सांगत होती, काही विचारलं तर आईजवळच राहायचं म्हण.

लहानशी खोली, एक टेबल, तिघं सदस्य. एका बाईंनी मुलीला जवळ बोलावून विचारलं, सकाळी काय खाल्लंस? "चाय-बटर," ती म्हणाली. वेणी कोण घालतं? "पहिले अम्मी. आता दादी. पण दादी घट्ट घालते." खोलीत सगळे हसले. मुलाला त्यांनी गणितात किती मार्क मिळाले विचारलं, तो खरं बोलला, आणि ते काही चांगले नव्हते.

मग तिला विचारलं, "इंजेक्शनला जाता त्या दिवशी मुलं कोणाकडे असतात?"

"सासूकडे. रात्रीला माझी बहीण येते."

"ती बहीण आली आहे का?" आली होती. तिचं आधार बघितलं, तिला दोन प्रश्न विचारले. त्या बाईंनी लिहिता लिहिता मान वर न करता म्हटलं, "मुलं घरीच चांगली आहेत. घरीच राहू देत, त्यासाठीच आहे हे."

तिने आमचा हात धरला होता. तो तेव्हा सुटला. बाहेर व्हरांड्यात येऊन ती बाकावर बसली आणि म्हणाली, "मला वडापाव खायचाय." कित्येक महिन्यांत तिने स्वतःहून काही मागितलेलं नव्हतं. डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलेलं. आम्ही समोर तळलेला गरम गरम एक घेतला, चटणी काढून, आणि अर्धा तिला दिला. दवाखान्यात कुणी सांगू नये.

आदेश दीड महिन्यात आला. पैसे यायला आणखी पाच महिने लागले. हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे उधारी त्या भरवशावर करणार नाही. आले ते मागच्या महिन्यांसकट एकदम आले. पहिल्यांदा वाण्याची वही मिटवली, मग मुलाची गणिताची शिकवणी लावली. मुलीला बूट. बाकीचे खात्यावरच आहेत, तिने काढू दिले नाहीत.

तिची इंजेक्शनं संपली आहेत, आता शेक चालू आहे. शिवणयंत्राला तेल घातलंय, पण बोटं अजून सुईला साथ देत नाहीत. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मार्चअखेर संपली, योजना पुढे चालू ठेवायला नवा काढून द्यायचा आहे. परवा तलाठ्याकडे भाची गेली होती, साहेब रजेवर. सोमवारी पुन्हा जाईल. त्या घरासमोरच्या फोटोची एक जास्तीची प्रत तिने काढून घेतली होती. ती आमच्याकडे ठेवायला दिली आहे, कुराणशरीफच्या शेल्फवर, पाकिटात घालून.